सोल्डर पट्टीवर धरेना तेव्हा

लातूरच्या मित्राच्या घरासाठी रंगीत काचेची खिडकी करत होतो. काचांच्या कडांना तांब्याची पट्टी चिकटवली आणि महालक्ष्म्या आल्या. काम पलंगाखाली गेलं. सण उरकून डाग द्यायला बसलो, तर सोल्डर (वितळवून जोड द्यायचा मिश्रधातू) पसरेना, नुसत्या गोळ्या! उष्णता पुरेशी होती. ६०/४० (कथील/शिसं) सोल्डर साधारण १९० अंशांना पूर्ण वितळतं. दमट हवेत तांबंच काळवंडलं होतं, आणि त्या काळ्या थरावर, म्हणजे ऑक्साइडवर, सोल्डर धरत नाही. बारीक स्टील वूलनं पट्टी चमकेपर्यंत हलकेच घासली, पुसली, ताजा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन) लावला. सोल्डर सरसर धावलं. त्यात ४० टक्के शिसं, म्हणून पोरं लांब, खिडक्या उघड्या, आणि हात धुतल्याशिवाय जेवण नाही (आईचा नियम तसाही तोच). आता मधे थांबायचं असेल तर पट्टीवर सोल्डरचा पातळ थर आधीच चढवतो आणि फ्लक्स धुऊन टाकतो.