लेव्हल बनवताय? या चुका टाळा

व्हिडिओ गेममध्ये तुम्ही बनवलेली लेव्हल, म्हणजे खेळाचा एक टप्पा, अपलोड झाली, लोक खेळायलाही येतात, पण शेवटपर्यंत कुणी टिकत नाही. मग बरेच जण आणखी शत्रू, आणखी सजावट टाकत सुटतात. दुखणं बहुधा दुसरीकडेच असतं. लेव्हल तुम्हाला पाठ झालेली असते, समोरचा ती पहिल्यांदाच पाहत असतो.

‘सुपर मारिओ मेकर 2’ या लेव्हल बनवायच्या गेममध्ये स्वतः पूर्ण केल्याशिवाय लेव्हल अपलोडच होत नाही. ‘जॉमेट्री डॅश’ या गेममध्येही तसंच. पण त्यातून एवढंच कळतं की लेव्हल अशक्य नाही. ती नवख्याला उमगते का, हे मात्र कळत नाही.

खेळाडू सगळ्यात जास्त वैतागतो तो आंधळ्या उडीला. कड्यावरून उडी घ्यायची, पण खाली जमीन आहे की खड्डा हे स्क्रीनवर दिसतच नाही. तुमचा अंगठा सवयीने बरोबर दिशा दाबतो, त्याचा कसा दाबणार? उडीच्या वाटेवर चार नाणी कमानीसारखी मांडा आणि शेवटचं नाणं नेमकं उतरायच्या जागी ठेवा. पाटी न लावताही वाट कळते.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. मारिओच्या एका लेव्हलमध्ये विटांनी बंद केलेला खड्डा होता. मी दर वेळी मारिओला मोठं करणारं मशरूम घेऊनच तिथे पोहोचायचो आणि विटा फोडून बाहेर पडायचो. लहान मारिओला विटा फुटत नाहीत, हे डोक्यातच आलं नाही. मित्र खेळायला बसला आणि आत अडकला. मरणही नाही, सुटकाही नाही. वेळ संपेपर्यंत थांबा, नाहीतर पहिल्यापासून सुरू करा. तेव्हापासून प्रत्येक खड्ड्यात मी मुद्दाम लहान मारिओ होऊन उतरतो. बाहेर पडायला पाइप तरी हवा, नाहीतर तळाला काटे तरी.

चेकपॉइंट, म्हणजे मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं ती जागा, अवघड भागाच्या तोंडाशी द्या. तो लांब ठेवला, तर दर वेळी आधीचा सोपा भागच पुन्हा पुन्हा खेळावा लागतो, आणि लोक कंटाळतात ते तिथेच.

‘जॉमेट्री डॅश’मध्ये व्हेरिफिकेशन (अपलोडआधी स्वतः लेव्हल पूर्ण करणं) होत नसेल, तर आधी चाचणीसाठी ठेवलेलं स्टार्ट पोझिशन, म्हणजे लेव्हल मधूनच सुरू करणारी खूण, काढायचं राहिलं का ते बघा. जुन्या फोनवर लेव्हल अडखळत असेल, तर निव्वळ सजावटीच्या वस्तू कमी करा.

अपलोड करण्याआधी कुणाला तरी शेजारी बसवून खेळायला द्या, आणि तोंडातून शब्द काढू नका. ‘आता उडी मार’ म्हणावंसं वाटलं, तर नेमकी तीच जागा दुरुस्त करायची. हे फार जड जातं, पण याहून खरी चाचणी मला माहीत नाही.

आणि लेव्हल सर्व्हरवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. निन्टेंडोच्या वी यू या कन्सोलवरच्या पहिल्या ‘सुपर मारिओ मेकर’मध्ये नवीन लेव्हल टाकणं 2021 मध्ये बंद झालं, एप्रिल 2024 मध्ये त्या कन्सोलची ऑनलाइन सेवाच थांबली. जीव ओतून बनवलेल्या लेव्हलचा सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा व्हिडिओ आजच काढून ठेवा.