कोकणात आख्खं घर घ्यायचंय? आधी स्वयंपाकाचं ठरवा

सासूबाई, दीर-जावा, नणंदेचं कुटुंब आणि पोरंटोरं धरून आम्ही चौदा माणसं. मे महिन्यात मालवणच्या आसपास एखादं आख्खं घर आठवडाभर भाड्याने घेतो, आणि ते शोधायचं काम थोरली सून म्हणून माझ्याकडे असतं. घराचे फोटो आले की सगळे आधी पडवीतून समुद्र दिसतो का ते बघतात. मी मालकाला पहिला प्रश्न विचारते तो स्वयंपाकाला कोण आहे हा. आख्ख्या घराबरोबर स्वयंपाकघरही येतं. चौदा माणसांचा चहा, नाश्ता, दोन वेळची जेवणं आणि भांडी मग घरातल्या बायकांच्याच अंगावर पडतात. सुट्टी सगळ्यांची असेल तर ती बायकांचीही असली पाहिजे, याबाबतीत मी अजिबात मागे हटत नाही. स्वयंपाकाची बाई ठरल्याशिवाय घराचा विसार देत नाही.

मालकाशी बोलताना मोघम उत्तरावर थांबू नका. 'होईल सोय' म्हणजे नक्की काय? बाई गावातलीच आहे का, भांडी तीच घासणार की दुसरी कोणी, तिचे पैसे भाड्यात धरलेत की वेगळे? वेगळे असलेले बरे, तिच्या हातात थेट देता येतात. तिचा नंबर घेऊन निघायच्या आठवडाभर आधी तिच्याशी स्वतः बोला. लहान मुलं किती, तिखट कोणाला चालत नाही, मासे न खाणारे कोण, सोमवार-गुरुवार कोण पाळतं, संकष्टी मध्ये येते का, हे सगळं सांगा. आमच्या सासूबाई मासे खात नाहीत, तर त्यांच्यासाठी तवा आणि कढई वेगळी ठेवायला मी आधीच सांगते. देवबागला आमचा स्वयंपाक करणाऱ्या काकींचं म्हणणं एकच असतं, "ताई, किती माणसां ती आदल्या राती सांगा." कारण त्यांचा सगळा हिशोब नारळावर चालतो.

नाश्त्याला पोहे-उपमा सांगून वेळ वाया घालवू नका, ते घरी रोजचेच आहेत. घावणे, आंबोळ्या, शिरवाळे सांगा. जेवणात एक दिवस काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे ठेवा, म्हणजे शाकाहारी माणसांनाही ताटाकडे बघून बरं वाटतं. काकी आडाळ्यावर बसून नारळ खवायला लागल्या की मी शेजारी चहा घेऊन बसते. प्रत्येक नारळ फोडला की त्या आधी चिमूटभर खोबरं तोंडात टाकतात आणि खवट लागलं तर तो नारळ बाजूला ठेवतात. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं वाटत नाहीत, नुसती ठेचून घालतात, आणि शेवटी कोकम. हे शिकायचं असेल तर शिका, पण हौस म्हणून, पाळी म्हणून नाही.

मासे मात्र घरच्यांनीच आणावेत, आणि ते काम पुरुषांना द्या. मालवण बंदरावर होड्या लागल्या की तिथेच लिलाव होतो. लिलावात तुम्ही बोली लावायच्या भानगडीत पडू नका, शेजारी बसलेल्या मासेविक्रेत्या बायकांकडून घ्या. कल्ला उचलून बघा, तो लालभडक हवा. डोळा पारदर्शक आणि वर आलेला हवा. बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहिला तर तो मासा शिळा. तिसऱ्या घेताना शिंपले घट्ट मिटलेले बघा. उघडे असतील तर टिचकी मारा. जिवंत तिसरी मिटते, न मिटली तर टाकून द्यायची. सुरमई-पापलेटवरच अडून बसू नका. त्या दिवशी बांगडे किंवा सौंदाळे ताजे असतील तर तेच घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा माशांसाठी जाणार असाल तर पावसाळ्यातली तारीख धरू नका.

आता घर. दुसरा प्रश्न पाण्याचा. मे महिन्यात विहिरींनी तळ गाठलेला असतो, आणि किनाऱ्यालगतच्या विहिरीतून जास्त उपसा झाला की गोड्या पाण्याची पातळी खाली जाऊन खारं पाणी आत येतं. विहीर आटत नाही, पण पाणी मचूळ होतं. म्हणून 'विहीर आहे ना' एवढ्यावर समाधान मानू नका. मे महिन्यात पाणी गोड असतं का, टाकी किती लिटरची, टँकर लागतो का, हे विचारा. (सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलात तर मुलांना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव जरूर दाखवा. चारी बाजूंनी समुद्र आणि आत तीन गोड्या पाण्याच्या विहिरी, हे त्यांना घरच्या विहिरीनंतर चांगलं कळतं.)

संडास किती आणि तळमजल्यावर कमोड आहे का, हे फोटोत दिसत नाही, विचारावंच लागतं. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे आमच्याकडे ही अट पक्की असते. इन्व्हर्टरवर पंखे चालतात की नुसते दिवे, तेही विचारा. मे महिन्याच्या उत्तरार्धात वादळी पावसाने वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर सिंधुदुर्गातली कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. खिडक्यांना जाळ्या नसतील तर मच्छरदाण्या घरून न्या.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. मालवणला जायला कुडाळ स्टेशन सोयीचं. कोकणकन्या आणि तुतारी या रात्रीच्या गाड्या तिथे थांबतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि मे महिन्याची तिकिटं बघता बघता संपतात, त्यामुळे घर त्याआधी ठरलेलं हवं. गणपतीत आणि शिमग्यात भाड्याचं घर घेऊ नका. गाड्या भरलेल्या असतात आणि गावातली माणसं आपापल्या घरच्या सणात असतात, तेव्हा स्वयंपाकाला बाई मागणंच बरोबर नाही. मुलांच्या शाळेची अडचण नसेल तर फेब्रुवारी सर्वांत चांगला. हवा बरी असते आणि ओल्या काजूची उसळ मिळते. आंबा, फणस, करवंदं हवी असतील तर मात्र मे महिन्याला पर्याय नाही.

समुद्राच्या बाबतीत मी कडक आहे आणि तुम्हीही व्हा. पोचल्या दिवशी, बॅगा उघडायच्या आधी, शेजारच्या एखाद्या मासेमाऱ्याला विचारा की इथे पाण्यात कुठे उतरायचं आणि कुठे नाही. तो दाखवील ती हद्द मुलांना प्रत्यक्ष नेऊन दाखवा. देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते, अशा खाडीच्या मुखाशी पोहायला अजिबात उतरायचं नाही, ओहोटीला तिथलं पाणी बाहेर ओढतं. भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीच्या पाऊणपट. चतुर्थीला साधारण ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशोब ढोबळ आहे, पण दिवस आखायला पुरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा मुलांना वाळूतच खेळवा.

मोठ्यांनाही एक गोष्ट ठाऊक हवी. लाटांच्या रांगेत मधेच एखादा पट्टा शांत दिसतो, तिथे लाट फुटत नाही. माणसं ती जागा सुरक्षित समजून तिथेच उतरतात, आणि नेमकं तिथूनच पाणी आत ओढत असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरका, ओढ सुटली की मग परत फिरा. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगत हात वर करा. दारू पिऊन कोणी पाण्यात जायचं नाही, मग तो घरचा जावई का असेना. होड्यांची सफर आणि जलक्रीडा मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. त्या काळात कोणी 'नेतो चला' म्हटलं तरी जाऊ नका.

रात्री अंगणात उतरताना बॅटरी आणि चपला हव्याच. जांभ्या दगडांच्या गडग्यात फुरसं असू शकतं. ते लहान असतं आणि मातीच्या रंगात मिसळून जातं, पण विषारी असतं. बाहेर ठेवलेले बूट झटकून घाला. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे आणि सर्पदंशावरची लस तिथे आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

पैशांची वाटणी निघायच्या आधी ठरवा. आम्ही खोल्यांवर नाही, माणसांवर वाटतो; मुलांचं अर्धं, सासूबाईंचं काहीच नाही. घरमालकाशी झालेलं बोलणं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या: तारखा, भाडं, अनामत, वाढीव माणसाचे पैसे.

निघताना प्लास्टिकच्या बाटल्या आणि मुलांचे डायपर गाडीत भरून शहरात आणा, गावात तो कचरा उचलायला रोज कोणी येत नाही. काकींचा हिशोब मालकाकडे न देता त्यांच्याच हातात द्या, आणि बक्षिसी वेगळ्या पाकिटात. पुढच्या वर्षी तेच घर हवं असेल तर तारखा आधी काकींना विचारा. त्या मोकळ्या असतील त्या आठवड्याचाच विसार मालकाला द्या.