मतदानाचा हक्क नसलेल्यांचा प्रश्न मतदारसंघात कसा मांडावा

अमेरिकेतल्या मराठी घरांत ग्रीन कार्डच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याच्या, रांगेची चर्चा बहुधा वकिलापाशी सुरू होते आणि वकिलापाशीच संपते. ही रांग मात्र कायद्याने निर्माण केली आहे आणि ती अमेरिकेची संसद, म्हणजे काँग्रेसच, कमी करू शकते. नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण 1,40,000 ग्रीन कार्डे मिळतात, त्यांत जोडीदार आणि मुलेही मोजली जातात, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे 7 टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. त्यामुळे भारतीयांची प्रतीक्षा दशकांवर गेली असून, तान्ह्या वयात इथे आलेली मुलेही वयाची 21 वर्षे उलटली की आईवडिलांच्या अर्जातून गळू शकतात.

या कामातली मूळ अडचण अशी की ज्यांचा प्रश्न आहे त्यांना मत नाही, आणि ज्यांना मत आहे त्यांचा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. या दोघांना एका खोलीत बसवणे हेच संघटकाचे पहिले काम.

त्यासाठी घरबैठकीइतका चांगला मार्ग नाही. कॅलिफोर्नियात फ्रेड रॉस या संघटकाने याच पद्धतीने मेक्सिकन वस्त्या संघटित केल्या आणि 1952 मध्ये सॅन होझे येथे पुढे शेतमजुरांचे नेते झालेल्या सेझार चावेझ यांना या कामात ओढले. यजमानाने आपल्या ओळखीच्या आठ-दहा जणांना बोलवावे. भाषण ठेवू नये. प्रत्येकाने आपण कोणत्या टप्प्यावर अडकलो आहोत ते सांगावे, आणि नागरिक झालेल्यांनी ते शेवटपर्यंत ऐकावे. उठण्यापूर्वी पुढचा यजमान ठरलाच पाहिजे, नाहीतर ती बैठक गप्पांतच जमा झाली असे समजावे. नागरिकांची नावे त्यांच्या पत्त्यासह वेगळी लिहून घ्यावीत, कारण एकाच गावातली दोन घरे वेगवेगळ्या मतदारसंघांत असू शकतात आणि काँग्रेसमधील प्रतिनिधीचे कार्यालय आपल्या मतदारसंघातील माणसाचेच आधी ऐकते.

कायद्याची चौकट पहिल्याच बैठकीत स्पष्ट करावी. व्हिसावर असलेली व्यक्ती प्रतिनिधीला भेटू शकते, निवेदनावर सही करू शकते, शांततापूर्ण सभेला जाऊ शकते आणि विनामोबदला प्रचारकार्यही करू शकते. मात्र कोणत्याही निवडणुकीसाठी ती पैसे देऊ शकत नाही. ग्रीन कार्डधारक देणगी देऊ शकतात, पण संघीय निवडणुकीत मतदान करू शकत नाहीत. वाहन परवान्याचा अर्ज भरताना मतदार नोंदणीच्या चौकटीत नजरचुकीने खूण करणेही महागात पडू शकते, कारण नागरिकत्वाचा खोटा दावा हे देशाबाहेर काढण्याचे कारण ठरते. शिवाय 2025 मध्ये काही परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा त्यांच्या राजकीय मतप्रदर्शनावरून रद्द झाले आहेत. म्हणून कोणालाही नाव किंवा छायाचित्र देण्याचा आग्रह करू नये, आणि शंका असल्यास वकिलाला विचारूनच पुढे यावे. करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेल्या महाराष्ट्र मंडळांना कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही, परंतु गणेशोत्सवाच्या मंडपात नागरिकांसाठी निःपक्ष मतदार नोंदणीचे टेबल नक्कीच ठेवता येते.

भेटीची वेळ मतदारसंघातील कार्यालयाकडे मागावी. ऑगस्टमध्ये काँग्रेसला सुटी असताना प्रतिनिधी गावात सापडण्याची शक्यता अधिक असते. चार-पाच जणांनी जावे आणि बोलण्याची सुरुवात मतदाराने करावी: ‘मी इथे मतदान करतो, आणि हे माझे शेजारी आहेत.’ त्यानंतर शेजाऱ्याने दोन मिनिटांत आपले सांगावे: इथे कधी आलो, अर्ज कोणत्या वर्षीचा, मुलीला 21 वर्षे केव्हा पूर्ण होतात, त्यानंतर तिला कोणता व्हिसा शोधावा लागेल. शेवटी एकच मागणी करावी आणि ती हो किंवा नाही असे उत्तर देता येईल अशी असावी, उदाहरणार्थ अमुक विधेयकाचे सहप्रायोजक व्हाल का, म्हणजे त्याला आपले नाव जोडाल का. विधेयकाचा क्रमांक लिहिलेला एक पानी कागद तिथे ठेवून यावा आणि दुसऱ्याच दिवशी त्या कर्मचाऱ्याला आभाराचा ईमेल पाठवून उत्तराची तारीख विचारावी.

मागणी कोणती, यावर माझे मत ठाम आहे. एकूण संख्या न वाढवता फक्त देशनिहाय मर्यादा काढली, तर इतर देशांतून आलेल्यांची रांग वाढते, आणि ते साहजिकच विरोधात उभे राहतात. म्हणून जोडीदार व मुलांना मोजणीतून वगळावे, अशी सर्वांच्या हिताची मागणी धरावी आणि फिलिपिनो परिचारिका, नायजेरियन डॉक्टर यांच्या संघटनांना आरंभीच सोबत घ्यावे. कागदपत्रांविना राबणाऱ्या कामगारांना कमी लेखणारी भाषा तर आपल्या निवेदनात मुळीच नको.

हे काम लांबते. देशनिहाय मर्यादा हटवणारे विधेयक जुलै 2019 मध्ये प्रतिनिधिगृहात 365 विरुद्ध 65 मतांनी संमत झाले, डिसेंबर 2020 मध्ये काँग्रेसचे दुसरे सभागृह असलेल्या सिनेटनेही त्याचे वेगळे रूप संमत केले, पण दोन्ही मसुद्यांचा मेळ बसण्याआधीच त्या काँग्रेसची मुदत संपली आणि सगळेच बाद झाले. दर दोन वर्षांनी असे होते. त्यामुळे विषम वर्षाच्या जानेवारीत नवी काँग्रेस भरण्यापूर्वी मतदारांची यादी, कुटुंबांची निवेदने आणि भेट दिलेल्या कर्मचाऱ्यांची नावे अद्ययावत करून ठेवावीत, आणि विधेयकाला नवा क्रमांक मिळताच त्याच आठवड्यात पुन्हा वेळ मागावी.