इंग्रजीत परवानगी देताना या चुका टाळा

परवानगी मागायचं इंग्रजी आपल्याला शाळेतच पाठ झालेलं असतं. 'मे आय कम इन, टीचर?' झोपेतून उठवलं तरी म्हणता येतं. द्यायची कशी, हे मात्र फारसं कुणी शिकवत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो 'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' या प्रश्नावर. आपण हसून 'येस, येस' म्हणतो आणि समोरचा बिचारा दुसरी खुर्ची शोधायला लागतो. कारण प्रश्न होता, 'मी इथे बसलो तर तुमची हरकत आहे का?' आपण सांगितलं, 'हो, आहे'! इथे 'नो, नॉट ॲट ऑल' म्हणायचं. ऐनवेळी गोंधळ उडालाच, तर हाताने खुर्ची दाखवून 'प्लीज, गो अहेड' म्हणा. येस-नोची भानगडच नको.

'कुड आय यूज युअर फोन?' याला 'येस, यू कुड' म्हणू नका. मागणारा 'कुड' वापरतो तो अदबीने. देणाऱ्याने सरळ 'येस, यू कॅन' किंवा 'ऑफ कोर्स' म्हणावं. 'येस, यू मे' व्याकरणात चोख बसतं, पण त्यात अधिकाराचा सूर आहे. वर्गात बाईंनी म्हटलं तर ठीक. साहेबांनी तुमचं पेन मागितलं आणि तुम्ही 'यू मे' म्हणालात, तर विचित्रच वाटेल. 'शुअर, हिअर यू गो' म्हणत पेन पुढे करा.

'ॲज यू विश' आणि 'इफ यू वाँट' हेही जपून वापरा. सूर जरा पडला की 'कर बाबा तुला हवं ते' असं ऐकू येतं. 'आय हॅव नो ऑब्जेक्शन' चुकीचं नाही, पण सोसायटीच्या ना-हरकत दाखल्यासारखं कोरडं लागतं. मनापासून हो म्हणायचं असेल तर 'बाय ऑल मीन्स' म्हणा. पाहुण्याने पाणी घेऊ का विचारलं तर 'प्लीज, हेल्प युअरसेल्फ'.

ईमेलवर सहकाऱ्याला 'आय परमिट यू टू टेक लीव्ह' लिहू नका, हुकूम वाटतो. 'दॅट्स फाइन' पुरे. अट घालायची असेल तर होकार आधी, अट नंतर: 'दॅट्स फाइन, ॲज लाँग ॲज द रिपोर्ट इज डन बाय फ्रायडे.' उलट क्रमाने लिहिलंत तर वाचणाऱ्याला पहिल्या चार शब्दांत नकारच दिसतो.