नॅव्हटेक्स रिसीव्हर कसा लावावा आणि त्यावरचे इशारे कसे वाचावेत

वादळाचा इशारा, बंद पडलेलं दीपगृह, पाण्यावर तरंगणारा कंटेनर: किनाऱ्यापासून साधारण २५० ते ४०० सागरी मैलांपर्यंत अशा खबरा जहाजावर आणतो तो नॅव्हटेक्स, म्हणजे रेडिओवरून लेखी इशारे पाठवणारी सेवा. कान लावून बसावं लागत नाही, मजकूर आपोआप छापला जातो किंवा पडद्यावर येतो. पण रिसीव्हर चुकीचा लावला तर तो गप्प बसतो, आणि त्या शांततेवरून समुद्रही शांत आहे असं धरून चालणं जिवावर बेतू शकतं.

१. निघण्याच्या किमान चार तास आधी रिसीव्हर चालू करा. प्रत्येक केंद्राला दर चार तासांनी दहा मिनिटं मिळतात, म्हणजे चार तासांत एक फेरी पुरी होते. आठ तास मिळाले तर उत्तमच, एक फेरी हुकली तरी दुसरी हाती लागते. खरं तर तो बंद करूच नये.

२. वारंवारता निवडा. ५१८ किलोहर्ट्झवर जगभर इंग्रजीत प्रसारण होतं, ४९० वर बहुधा स्थानिक भाषेत. ५१८ कधीही सोडू नका.

३. केंद्रं निवडा. प्रत्येक केंद्राला ए ते एक्स यांपैकी एक अक्षर असतं. सध्याच्या आणि पुढच्या टप्प्यातल्या केंद्रांचीच अक्षरं चालू ठेवा. सगळी चालू ठेवली तर रात्री, मध्यम लहरी दूरवर पोहोचू लागल्या की, परक्या किनाऱ्यांच्या संदेशांचा ढीग पडतो आणि कामाचा इशारा त्यात बुडतो. याउलट मागच्या सफरीची अक्षरं तशीच राहिली तर नव्या किनाऱ्याचं काहीच येत नाही. ही चूक फार होते, म्हणून क्षेत्र बदललं की अक्षरं तपासायचीच.

४. विषय निवडा. ए म्हणजे नौकानयनाचे इशारे, बी हवामानाचे इशारे, डी शोध-बचाव व चाचेगिरी, ई हवामानाचा अंदाज. ए, बी, डी आणि एल (नौकानयनाचेच आणखी इशारे) बंद करताच येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ई मात्र बंद करता येतो, तो चालू आहे ना ते पाहा.

५. संदेशाचं डोकं वाचा. सुरुवातीला 'झेड सी झेड सी' आणि मग चार खुणा, समजा 'के बी ४२': के केंद्र, बी हवामानाचा इशारा, ४२ अनुक्रमांक. शेवटी 'एन एन एन एन'. अनुक्रमांक ००  असेल तर संदेश अतितातडीचा असतो, आधी आला असला तरी पुन्हा छापला जातो. वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवून वाचाल तर वादळ कधी येणार याचा हिशेब काही तासांनी चुकेल.

६. तारांकनांकडे दुर्लक्ष करू नका. प्रत्येक अक्षर दोनदा पाठवलं जातं, दुसऱ्यांदा सुमारे २८० मिलिसेकंदांनी. दोन्ही वेळा बिघडलं तर त्या जागी तारांकन येतं. शब्दातलं एखादं अक्षर गेलं तर अंदाजाने वाचता येतं, आकड्यात ती मुभा नाही. वाऱ्याच्या वेगात पाचाच्या आधी तारांकन असेल तर तो २५ नॉट असेल किंवा ४५. अशा वेळी पुढच्या फेरीची वाट न पाहता किनारा केंद्राला व्हीएचएफ रेडिओवर विचारा. चुका चार टक्क्यांपेक्षा जास्त असल्या तर रिसीव्हर तो संदेश मिळाला असं धरत नाही, म्हणून पुढच्या फेरीत तो पुन्हा येतो.

७. इशारा लगेच चार्टवर उतरवा. स्थान, तारीख आणि संदेशाचा क्रमांक लिहा. रद्द झाल्याचा संदेश आला की तेवढीच खूण काढा.

ठरल्या वेळी काहीच आलं नाही तर? सांगण्यासारखं काही नसलं की केंद्र 'झेड' विषयाखाली तसं कळवतं. विषयांत झेड चालू ठेवूनही तो आला नाही, तर आधी केंद्राचं अक्षर पाहा, मग अँटेनाचं कनेक्शन. समुद्राच्या खाऱ्या हवेने जोडणीवर गंज चढतो. तारांकनं खूप असतील तर एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर एकेक करून बंद करून पाहा. ज्याच्याने फरक पडेल त्याच्यापासून अँटेना आणि केबल लांब हलवा.

नॅव्हटेक्सच्या टप्प्याबाहेर हेच इशारे उपग्रहावरून सेफ्टीनेट या सेवेने मिळतात. तिथेही जहाजाचं सागरी क्षेत्र रिसीव्हरमध्ये बरोबर भरलेलं असावं लागतं. जीपीएस जोडलेला असेल तर ते आपोआप होतं, पण ती जोडणी तुटलेली नाही ना, हे प्रत्येक पाळीत एकदा पाहून घ्या.