नेट्समध्ये दिवे लावण्याआधी: नव्या ट्रेनरसाठी माझा अनुभव

बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) झाल्यावर मी एका क्रिकेट अकादमीत मुलींच्या गटाची सहायक ट्रेनर म्हणून लागले आणि त्याच महिन्यात तिथे रिअ‍ॅक्शन लाइट्सचा संच आला. सहा गोल पॉड, ब्लूटूथने मोबाइलमधल्या अ‍ॅपला जोडलेले. ज्या पॉडचा दिवा लागेल त्याला हात लावायचा. तो विझतो, लगेच दुसरा लागतो आणि प्रत्येक स्पर्शाला किती वेळ लागला ते मिलिसेकंदात नोंदलं जातं. फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर बॅटक नावाच्या बोर्डावर जो सराव करतात, त्याच जातीचं हे साधन. मुख्य प्रशिक्षक म्हणाले, "मॅडम, हे खातं आता तुमच्याकडे."

तीन आठवड्यांत मुलींचे आकडे भराभर सुधारले. मी तक्ता करून भिंतीवर लावला, पालक त्याचे फोटो काढून नेऊ लागले. मग एका सराव सामन्यात, तक्त्यात सगळ्यात वर असलेली मुलगी एका डावखुऱ्या मध्यमगती गोलंदाजासमोर चेंडूमागून चेंडू उशिरा खेळताना दिसली. दिव्यावर तिचा हात विजेसारखा जायचा, चेंडूवर बॅट मात्र पोचत नव्हती. मला फार वाईट वाटलं, कारण ती माझ्या शब्दावर विसंबून रोज अर्धा तास त्या पॉडसमोर उभी राहत होती. त्या रात्री मी वाचायला बसले. या कामात नव्याने येणाऱ्यांनी माझ्यासारखे तीन आठवडे घालवू नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

आधी गणित करा. दोन्हीकडच्या पॉपिंग क्रीजमधलं, म्हणजे फलंदाजाच्या पुढच्या रेघांमधलं अंतर ५८ फूट, म्हणजे १७.६८ मीटर. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू ते जेमतेम अर्ध्या सेकंदात कापतो. आमच्या मुलींना येणाऱ्या ९० च्या चेंडूला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो. आता माणसाची बाजू. संशोधक पीटर मॅक्लाउड यांनी १९८७ मध्ये दाखवलं की टप्पा पडल्यावर चेंडू अचानक वळला, तर कसलेल्या फलंदाजालाही बॅटची दिशा बदलायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. सामान्य माणसाचंही असंच असतं. म्हणजे मोठ्या फलंदाजाची प्रतिक्रिया आपल्यापेक्षा वेगवान असते असं नाही. त्याला चेंडू कुठे येणार हे आधी कळतं.

हे कसं कळतं, याचं उत्तर मायकेल लँड आणि मॅक्लाउड यांच्या २००० सालच्या अभ्यासात मिळालं. त्यांनी तीन फलंदाजांच्या डोक्यावर कॅमेरा बसवून त्यांची नजर टिपली. फलंदाज चेंडू सुटताना बघतो, मग त्याची नजर चेंडूला मागे टाकून टप्पा जिथे पडणार त्या जागी उडी मारते आणि तिथे चेंडूची वाट बघते. तिघांत जो सर्वांत चांगला, त्याची ही उडी सर्वांत लवकर. आपण लहानपणापासून ऐकत आलो, "बॉलवरची नजर काढू नकोस." प्रत्यक्षात चांगला फलंदाज मध्ये थोडा वेळ नजर काढतोच, आणि योग्य जागी ठेवतो.

आता पॉडकडे बघा. दिवा लागण्याआधी काहीच दिसत नाही. धाव नाही, खांदा नाही, मनगट नाही. कुठला दिवा लागेल याचा अंदाज बांधायला जागाच नाही, मग अंदाज बांधायची सवय कुठून लागणार? ती मुलगी दिव्यांत पटाईत झाली होती, आणि मी तिला तेवढंच शिकवलं होतं. बोलिंग मशीनमध्येही हीच उणीव आहे: चेंडू नळीतून येतो, हात दिसत नाही. म्हणून थ्रोडाउन (प्रशिक्षकाने जवळून हाताने फेकलेले चेंडू), साइडआर्म (चेंडू फेकायचा लांब दांडा) आणि खरा गोलंदाज यांना पर्याय नाही.

मग पॉड कपाटात ठेवायचे का? नाही. माझ्याकडे ते आज दोन कामांना आहेत. एक, वॉर्मअप, आठ मिनिटं, त्याहून जास्त नाही. दुसरं काम मला मोलाचं वाटतं: सोडायची सवय. थ्रोडाउन देणाऱ्याच्या हाताशेजारी पॉड ठेवते. चेंडू हातातून सुटताना निळा लागला तर खेळायचं, लाल लागला तर चेंडू सोडायचा. उचललेली बॅट आवरणं किती अवघड आहे ते पहिल्या दिवशी सगळ्यांनाच कळतं. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडणं हेही नजर आणि हाताचंच काम आहे, आणि ते शिकवायला मला याहून चांगलं साधन मिळालेलं नाही. चेंडू मात्र सुरुवातीला टेनिसचाच घ्या.

सर्वांत जास्त फरक पडला तो फोनच्या कॅमेऱ्याने. फलंदाजाच्या डोळ्याच्या उंचीवरून गोलंदाजाचं चित्रीकरण करायचं आणि चेंडू हातातून सुटला की क्लिप कापायची. मुलीने क्लिप बघून लगेच सांगायचं: आखूड की पुढे, ऑफला की पायावर, मग पूर्ण क्लिप दाखवायची. शास्त्रज्ञ असे प्रयोग फार पूर्वीपासून करतात. ब्रूस अ‍ॅबरनेथी यांनी बॅडमिंटनमध्ये दाखवलं की नवखा खेळाडू रॅकेटकडे बघून अंदाज बांधतो, तर मुरलेला हाताकडेही बघतो. आमच्या त्या मुलीला पहिल्या दिवशी डावखुऱ्या गोलंदाजाच्या क्लिपमध्ये काहीच सांगता येईना. ती चेंडूच शोधत होती, मनगटाकडे तिचं लक्षच नव्हतं. मुलं अल्पवयीन असतील तर चित्रीकरणाआधी पालकांची लेखी परवानगी घ्या, आणि क्लिप अकादमीच्या फोनमध्येच ठेवा.

स्ट्रोब चष्मा म्हणून एक साधन असतं. त्याच्या काचा ठरावीक वेगाने काळ्या-पारदर्शक होतात, म्हणजे चेंडू तुटक तुटक दिसतो आणि मधला मार्ग मनाने भरून काढावा लागतो. मी वापरून पाहिलं, झेल घेण्याच्या सरावात मुलींना आवडलं. पण कुणाला फिट येण्याचा त्रास असेल तर हा चष्मा अजिबात घालू देऊ नका. आधी स्पष्ट विचारा, घरच्यांनाही विचारा.

आणि या सगळ्याच्या आधी डोळे तपासून घ्या. हे मी ओरडून सांगेन. आमच्या गटात एक मुलगी कुठल्याच दिव्यावर वेळेत पोचत नव्हती, मी तिला जादा सराव देत राहिले. शेवटी तिच्या आईला सांगून नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं, तर दूरचा नंबर निघाला. मुलीने कधी तक्रार केली नव्हती, कारण सगळ्यांना असंच धूसर दिसतं असं तिला वाटत होतं. चष्मा लागला आणि पंधरवड्यात तिचे झेल सुटायचे थांबले.

प्रगती अ‍ॅपवर मोजू नका, अ‍ॅप फक्त अ‍ॅपमधली प्रगती सांगतं. मी दर पंधरा दिवसांनी तीस थ्रोडाउन देते आणि किती चेंडू बॅटच्या मध्यावर लागले ते मोजते. बॅटच्या मध्यभागी खडू फासला की चेंडूवर खूण उमटते, वाद राहत नाही.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. पटियाळ्याच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरुवातीला चांगला. पुढे क्रीडाशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. एक्सेल नीट शिका. जमल्यास एखाद्या ऑक्युपेशनल थेरपिस्टचं काम जवळून बघा. पक्षाघातानंतर दिव्यांच्या बोर्डावर रुग्णांचा हात पुन्हा वळवताना ती माणसं जो संयम ठेवतात, तो मला कुठल्या वर्गात शिकायला मिळाला नाही.

ती पहिली मुलगी आता स्वतःच क्लिपा कापते. परवा तिने लहान गटातल्या मुलींना डावखुऱ्या गोलंदाजाची एक क्लिप दाखवली, चेंडू हातातून सुटताच थांबवली आणि विचारलं, "सांगा, मनगट कुठं वळलं?"