कीस्टोअर बदलायला बसण्याआधी

कीस्टोअर म्हणजे सर्व्हरचं सर्टिफिकेट आणि त्याची गुप्त की एकत्र ठेवणारी फाइल. तिचं स्वरूप बदलण्याआधी एवढं बघून घ्या. फाइलच्या एक्स्टेन्शनवर विसंबू नका. सीआरटी नावाच्या फाइलमध्ये पेमही (अक्षरांत लिहिलेलं स्वरूप) सापडतं आणि डेरही (बायनरी स्वरूप). टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा: 'बिगिन सर्टिफिकेट' अशी ओळ दिसली तर पेम, नुसता चिन्हांचा कचरा दिसला तर डेर, पीएफएक्स (सर्टिफिकेट आणि की एकत्र ठेवणारी फाइल) किंवा जेकेएस (जावाचं स्वतःचं जुनं कीस्टोअर).

मग प्रायव्हेट की, म्हणजे सर्टिफिकेटची गुप्त जोडीदार की, खरोखर हातात आहे का ते पाहा. सर्टिफिकेटबरोबर आलेल्या झिपमध्ये ती सहसा नसतेच. सीएसआर, म्हणजे सर्टिफिकेट मागणारा अर्ज, ज्या मशीनवर बनवला, तिथे शोधा. विंडोजमध्ये ती 'एक्स्पोर्टेबल' न ठेवता टाकली असेल, तर नवा सीएसआर काढून सर्टिफिकेट रीइश्यू करून घेतलेलं बरं. की सापडली, तरी ती याच सर्टिफिकेटची आहे ना, हे तपासा. मॉड्युलस (कीमधली मोठी संख्या) जुळवायची सवय आरएसए प्रकारच्या कीपुरती ठीक, पण ईसी प्रकारच्या कीला मॉड्युलस नसतो. की आणि सर्टिफिकेट दोन्हींतून पब्लिक की काढून जुळवा, म्हणजे प्रश्नच मिटला.

इंटरमीजिएट सर्टिफिकेटंही, म्हणजे तुमचं सर्टिफिकेट आणि विश्वासू मूळ सर्टिफिकेट यांना जोडणारे मधले दुवे, गोळा करून ठेवा. ब्राउझरमध्ये साइट नीट उघडते म्हणून ही साखळी (चेन) पूर्ण आहे असं नाही. गहाळ इंटरमीजिएट काही ब्राउझर स्वतःच मिळवतात, जावाचा क्लायंट सहसा तसं करत नाही.

जेकेएस हवंच आहे का, हेही एकदा विचारा. २०१७ च्या जावा ९ पासून कीटूल (जावाबरोबर येणारं कीस्टोअरचं साधन) मुळातच पीकेसीएस १२, म्हणजे पीएफएक्सचंच स्वरूप, बनवतं, त्यामुळे बरेचदा पीएफएक्स तसंच चालतं. जेकेएस लागलंच, तर सुटी की कीटूलमध्ये थेट घालता येत नाही. आधी ओपनएसएसएल या कमांडच्या साधनाने पीएफएक्स बनवून मग ते इम्पोर्ट करावं लागतं. एलियस, म्हणजे स्टोअरमधल्या एन्ट्रीचं नाव, तेव्हाच ठरवा, नाहीतर '१' नावाची एन्ट्री मिळते आणि सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये भलतंच नाव असतं. पासवर्ड किमान ६ अक्षरांचा, आणि स्टोअरचा व कीचा एकच.

फाइल बनवणाऱ्या आणि वाचणाऱ्या, दोन्हीकडच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या मात्र लिहूनच ठेवा. २०२१ मध्ये आलेलं ओपनएसएसएल ३ पीएफएक्ससाठी एईएस-२५६ हे एन्क्रिप्शन वापरतं. जुना विंडोज सर्व्हर किंवा जुना जावा ८ ते वाचू शकत नाही, आणि विंडोज तर तसं सांगण्याऐवजी 'पासवर्ड चुकीचा' म्हणतो. मी एकदा अख्खी संध्याकाळ तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करण्यात घालवली आहे. अशा वेळी ओपनएसएसएलला 'लेगसी' (जुनी पद्धत) हा पर्याय देऊन फाइल पुन्हा बनवा. त्यातलं एन्क्रिप्शन कमकुवत असतं, तेव्हा ती फाइल मेलने पाठवू नका.

पासवर्ड कमांडमध्ये लिहू नका, हिस्टरीत राहतो. फोल्डर फक्त तुम्हालाच वाचता येईल असं ठेवा. रूपांतर झाल्यावर कीटूलने यादी काढा: एन्ट्री 'प्रायव्हेट की' प्रकारची हवी, 'ट्रस्टेड सर्ट' दिसली तर की आत गेलेलीच नाही. चेनची लांबी १ दिसली तर इंटरमीजिएट राहिलं. नवा स्टोअर सर्व्हरवर चालू झाल्याशिवाय मूळ फाइल हलवू नका. मधल्या टप्प्यातली पासवर्ड नसलेली पेम की मात्र काम होताच पुसा.